व्यंकोजीअण्णाची ओली भिंत

आमच्या व्यंकोजीअण्णाला कुणी रंगारी म्हटलं की तो भडकायचा. "रंग लावणारे गल्लोगल्ली पडलेत. मी रंग काढणारा आहे," म्हणायचा, आणि म्हणताना मिशीवरून हात फिरवायचा. बेंगळूरच्या बळेपेटेमागे आमची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी त्याची भाड्याची खोली, दाराशी सायकल आणि सायकलीच्या दांड्याला पत्र्याची पाटी. पाटीवर कन्नड, तमिळ आणि इंग्लिशमध्ये लिहिलेलं होतं की भिंती साफ करून मिळतील. मी एकदा विचारलं, "अण्णा, मराठीत का नाही लिहिलं?" तर म्हणाला, "मराठी माणसं माझ्याकडनं फुकट करून घेतात. त्यांना पाटी कशाला?"

खरंच होतं ते. आम्ही इथले जुने मराठे, किती पिढ्या झाल्या ते कुणाला धड सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि भांडताना दोन्ही. आमच्यातल्या कुणाच्या भिंतीवर काही घाण झाली की अण्णाला हाक जायची, आणि मजुरी म्हणून त्याच्या हातात कॉफीचा पेला यायचा. कॉफीला तो नाही म्हणाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "स्वल्प गोड कर," एवढंच म्हणायचा.

माणूस मोठा नखरेल. दिवसभर डांबरात आणि घासलेटात हात घालणार, पण धोतर बघावं तर दुधासारखं. डोक्याला पांढरा रुमाल, त्यावर एक शिंतोडा नाही. "माझ्याच कपड्यावर डाग पडला तर मी कसला साफ करणारा?" असं ऐकवायचा. आणि बढाया तरी किती! चिक्कपेटेतला सराफ म्हणे ह्याच्यासाठी गाडी पाठवतो, छावणीतली मडम म्हणे ह्याचं काम बघून टाळ्या वाजवते. माझे वडील खंडोजी आणि तो लहानपणापासूनचे मित्र. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून तो बढाया मारायचा आणि बाबा गालातल्या गालात हसत ऐकायचे. अण्णाची बायको रत्नाबाई पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. त्याबद्दल मात्र तो कधी काही बोलला नाही.

त्याचा खरा हंगाम निवडणुकीचा. रात्रीतून पोरं भिंती रंगवून जायची. बैलजोड्या, झोपड्या, दिवे, अमक्याला मत द्या, तमक्याला पाडा. निकाल लागला की दुकानदार अण्णाच्या दारात. गेरू असेल तर साधं काम, डांबर असेल तर कठीण. डांबर पहाटेच्या गारठ्यात कडक असतं, तेव्हा थापीनं सोलायचं. उन्हात हात लावला की ते पसरतं. उरलेल्या डागावर कोंडा घासलेटात भिजवून थापायचा, गळवावर पोटीस बांधतात तसा. संध्याकाळपर्यंत कोंडा डाग ओढून घेतो. मग सोड्याचं पाणी, मग नारळाच्या काथ्यानं घासणं, आणि शेवटी वरून चुन्याचे दोन हात. की भिंत नवी कोरी. "लिहिणाऱ्याला घाई असते. काढणाऱ्यानं घाई केली की मेला," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आम्हाला ते पाठ होतं.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय अण्णाचं सांगता येत नाही.

सत्तावन्न साली मी बावीस वर्षांची होते. आदल्या आषाढात बाबा गेले. घरात आई आणि मी, दोघीच. मी टेलिफोनच्या कारखान्यात तारा जोडायला जायला लागले. पहाटे कारखान्याची बस, संध्याकाळी परत. गल्लीला तेवढं पुरलं. पोरगी बसमधून कुठं जाते, बसमध्ये कोण असतं, सगळ्यांना काळजी. अशात देवनहळ्ळीचं एक स्थळ आलं. मुलगा रघुजी, यशवंतपूरला रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला. बाप नाही, आई आहे, सकवारबाई म्हणून. फाल्गुनातल्या रविवारी ती दोघं मला बघायला येणार होती.

आमच्यात बाप गेल्यावर मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आषाढ काही लांब नव्हता. त्याआधी दोन ठिकाणी जुळता जुळता मोडलं होतं. हे स्थळ गेलं असतं तर मी पंचविशीपर्यंत घरात बसणार, हे आईला दिसत होतं. तिनं जेवण टाकलं होतं. आणि रघुजी मला आवडला होता, आता लपवून काय करायचं? एका लग्नात लांबून बघितला होता. पंगतीत वाढत होता, एका म्हातारीच्या पानात दुसऱ्यांदा वाढताना त्यानं खाली बसून वाढलं. तेवढ्यावरच माझं मन बसलं होतं.

त्या रविवारी आई पहाटे अंगण झाडायला बाहेर गेली आणि झाडू टाकून आत आली. मी बाहेर जाऊन बघितलं. रस्त्याकडच्या भिंतीवर, वीतभर उंचीच्या अक्षरात, डांबरानं, कन्नडमध्ये दोन ओळी. ह्या घरच्या मुलीची चाल बरी नाही. सोयरीक करू नका.

कुणी लिहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझा एकावर संशय होता, अजून आहे. जळो त्याचं तोंड.

मी तशीच अनवाणी अण्णाच्या दारात. तो सायकलीवर सगळं सामान लादून आला. भिंत दोनदा वाचली. मग आईला म्हणाला, "अक्का, रडू नको. डांबरच आहे. कुणी छिन्नीनं कोरून नाही ठेवलेलं."

आणि त्यानं घाई केली. जन्मभर सांगितलेलं विसरून घाई केली. थापीनं डांबर सोललं, कोंडा थापला, पण संध्याकाळपर्यंत ठेवायचा तो तासाभरात काढला. डाग जिथं हटेना तिथं त्यानं गिलावाच थोडा खरवडला. अक्षराच्या रेघेरेघेनं, बोटं सोलवटेपर्यंत घासलं. ऊन गल्लीत उतरलं तेव्हा डांबराचा ठिपकासुद्धा शिल्लक नव्हता. अण्णानं मिशीवरून हात फिरवला, चुन्याची बादली उघडली आणि कुंचला बुडवला.

आई दारातूनच म्हणाली, "अण्णा, चुना नको. ह्यांचं वर्ष झालं नाही."

ज्या घरात माणूस गेलं त्या घराला वर्षभर चुना लावत नाहीत. दाराला तोरण नाही, भिंतीला चुना नाही. ही रीत अण्णाला माहीत नव्हती असं नाही. बाबांच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता. पण हाताची सवय! डाग काढला की चुना, डाग काढला की चुना, इतकी वर्षं तेच. चुना लागणारच आहे ह्या हिशेबानं त्यानं फक्त अक्षरं घासली होती.

मग आम्ही तिघांनी भिंतीकडे नीट बघितलं. बाबा गेल्यामुळे दसऱ्याला भिंतीला हात लागला नव्हता. जटक्या-टांग्यांची धूळ, चुलींचा धूर, सगळी भिंत करडी पडलेली. आणि त्या करड्या भिंतीवर दोन ओळी लखलखीत पांढऱ्या उठल्या होत्या. डांबरानं घाईघाईत लिहिलेलं आता वळणदार अक्षरात, समोरच्या ओट्यावरून वाचता येईल असं दिसत होतं.

"अय्यो अण्णा, ह्याच्यापेक्षा डांबर बरं होतं!" मी ओरडले. आईवर पण ओरडले, "लावू दे चुना! बाबा काही रागावणार नाहीत."

"बाबा नाही रागावणार. पण येणारी बाई काय म्हणेल? नवऱ्याचं वर्ष व्हायच्या आत घर रंगवून बसली म्हणेल," आई म्हणाली. "आणि मला नाही बघवणार ते पांढरं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मीच चुन्याची बादली झाकून ठेवली.

"सगळी भिंत घासून एकसारखी करतो," अण्णा म्हणाला. पण भिंत केवढी, आणि देवनहळ्ळीची बस कलासिपाळ्याच्या स्टँडला लागायची वेळ झालेली. काही न सुचून त्यानं सोड्याच्या पाण्याची बादली भिंतीवर रिकामी केली. आणि काय सांगू, अक्षरं गेली! ओली झाल्यावर पांढरी जागा आणि करडी जागा एकाच रंगाची झाली. आम्ही तोंडं उघडी टाकून बघत राहिलो. थोड्या वेळानं वरचा कोपरा वाळला आणि पहिलं अक्षर हळूहळू परत वर आलं.

अण्णानं रुमाल डोक्याला घट्ट गुंडाळला. "पोरी, घरातलं सगळं पाणी बाहेर काढ. तू साडी नेस जा. ती दोघं जाईपर्यंत ही भिंत वाळत नाही."

सकवारबाई आल्या त्या गल्लीच्या तोंडापासून पाट्या वाचत. मोठ्यानं वाचायची त्यांची सवय. "ताजी कॉफीपूड मिळेल. इथं छत्र्या दुरुस्त होतात." आईनं माझा दंड धरला. "बाई कन्नड वाचते गं!" देवनहळ्ळीच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलेल्या, हे आम्हाला कुठं माहीत? रघुजी मागून खाली मान घालून येत होता. अण्णा भिंतीवर चेंबूनं, म्हणजे तांब्यानं, पाणी मारत होता, वरून खाली, जसा काही त्यासाठीच जन्माला आलेला.

"हे काय चाललंय?" सकवारबाईंनी विचारलं.

"गिलाव्याला पाणी मारतोय."

"गिलावा तर जुना दिसतो की."

"जुन्याला तहान जास्त," अण्णा म्हणाला आणि मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. बाई जरा थांबल्या, मग आत आल्या.

मी उप्पिट्टाच्या बश्या घेऊन गेले, बसले. बाहेरून सप्प आवाज यायचा, मग थोडी शांतता, मग पुन्हा सप्प. माझा सगळा जीव त्या आवाजात. रघुजीनं विचारलं, "कारखान्यात काम कसलं असतं?" आणि मी म्हणाले, "हो, आवडतं." तो हसला. मी कशी हसणार? तेवढ्यात सप्प आवाज थांबला होता. गल्लीतला नळ गेला होता आणि आमची पिंपं तर मघाच रिकामी झालेली.

मी खिडकीतून बघितलं. समोरच्या तानूबाई आपल्या दारात उभ्या. ही बाई म्हणजे गल्लीचं तारखातं. नळावरून आईशी तिचं भांडण, महिनाभर अबोला. भिंत तिनं पहाटेच वाचलेली असणार, न वाचून सोडेल ती! आता ही येऊन सगळं सांगणार. तानूबाई आत गेल्या, आपली भरलेली घागर कंबरेवर घेऊन आल्या आणि एक अक्षर न बोलता अण्णापुढे ठेवून गेल्या. मग दुसरी घागर. त्या दिवशी तिच्या घरी स्वयंपाकाला पाणी राहिलं का, मी कधी विचारलं नाही. सप्प आवाज पुन्हा सुरू झाला.

सकवारबाईंना घाई नव्हती. त्यांनी दुसऱ्यांदा कॉफी मागितली. बाबांबद्दल विचारलं, आईच्या माहेरचं विचारलं. शेवटी उठून ओट्यावर आल्या. ऊन चांगलंच तापलेलं. मी दाराआडून बघत होते. अण्णाची दशा काय वर्णावी? दुधासारखं धोतर काजळीच्या पाण्यानं करडं, रुमाल सुटून गळ्यात आलेला, मिशीतून पाणी गळतंय. आईनं सवयीनं पेला पुढं केला, "अण्णा, कॉफी घे."

"नको," अण्णा म्हणाला. चेंबू खाली ठेवायलाही तयार नव्हता.

घागरीत तळाशी थोडं पाणी उरलेलं. अण्णा खालची ओळ भिजवायला वाकला आणि वरची ओळ वाळत होती. पहिलं अक्षर वर आलं. मग दुसरं, मग पुढची. सकवारबाई त्याच बाजूला तोंड करून उभ्या होत्या.

"मला तहान लागली," त्या म्हणाल्या आणि अण्णाच्या हातातला चेंबू मागून घेतला. दोन घोट पाणी प्यायल्या आणि उरलेलं भिंतीवर, वरच्या अंगाला, फेकून दिलं. चेंबू परत दिला. "सरी, ठरलं तर," आईला म्हणाल्या, "वर्षाच्या आतच करायचं आहे ना? वैशाखातली तारीख धरा. पोरगी आम्हाला पसंत आहे."

अण्णासाठी धरलेला पेला आईनं स्वतःच तोंडाला लावला.

ती दोघं गल्लीबाहेर गेली तशी भिंत वाळली आणि दोन्ही ओळी जशाच्या तशा परत आल्या. अण्णानं त्यांच्याकडे बघून कन्नडमध्ये एक शिवी घातली, मग कोपऱ्यापासून भिंत घासायला घेतली. दुसऱ्या दिवशी मावळतीपर्यंत तो घासत होता. मीही काथ्या घेऊन त्याच्या शेजारी. सगळी भिंत एकसारखी झाली, चुन्याशिवाय, तेव्हा तो ओट्यावर बसला आणि लागोपाठ तीन पेले कॉफी प्याला. "तुझी सासू," मला म्हणाला, "पाणी चांगलं मारते." मी समजले, नेहमीसारखी थट्टा करतोय.

लग्न झालं. मी यशवंतपूरला आले. आत्याबाई, म्हणजे सकवारबाई, देवनहळ्ळीचं घर आवरून आमच्याकडेच राहायला आल्या. दर युगादीला, म्हणजे पाडव्याला, अण्णा सायकल मारत यायचा आणि आमच्या भिंतीला स्वतः चुना लावायचा. आत्याबाई ओट्यावर बसून चुका काढायच्या, तिथं राहिलं, इथं ओघळ आला. दोघांचं जुंपायचं. मी कॉफी घेऊन गेले की दोघं गप्प. माझ्या मुलांना तो बढाया ऐकवायचा, सराफाची गाडी, टाळ्या वाजवणारी मडम, सगळं तेच. पण आमच्या भिंतीची गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नाही. एवढा बोलका माणूस, दहा वर्षांत एकदासुद्धा नाही.

सदुसष्टच्या पौषात, पुन्हा निवडणुकीनं भिंती रंगायला लागल्या होत्या, तेव्हा अण्णा गेला. खोकला होता, तो छातीत उतरला. एवढं काम तोंडावर आलेलं आणि हा निघाला. गल्लीतल्या माणसांनी उचलला, रघुजीनं अग्नी दिला. चार दिवसांनी मी त्याची खोली बघायला गेले तर मालकानं आतून बाहेरून चुना लावून ती दुसऱ्याला देऊन टाकली होती. सायकलसुद्धा नव्हती तिथं. मी रस्त्यात उभी राहून रडले. माणूस गेलेल्या घराला वर्षभर चुना लावत नाहीत, पण वर्ष पाळायला घरचं कुणीतरी असावं लागतं ना? अण्णाला कोण होतं?

घरी येऊन मी कुणाशी बोलले नाही. बोलून काय करणार? नवऱ्याचं घर, सासूचा कारभार, आणि गेलेला माणूस माझा ना काका ना मामा.

युगादी आली. रघुजीनं कळीचा चुना आणला आणि भिजवायला पिंप काढलं. आत्याबाई आतून म्हणाल्या, "ठेव ते. यंदा ह्या घराला चुना नाही."

रघुजीनं पिंप खाली ठेवलं. "का हो आत्याबाई?" मी विचारलं.

"का म्हणजे? तुझ्याकडचं माणूस गेलं ना?" त्या तांदूळ निवडत होत्या, वर बघितलं नाही. "मी त्या दिवशी वाचलं होतं. आत येतानाच खालची ओळ वाचली, जाताना वरची. मला वाटलं, उलट पावली परत जावं. पण लिहिणारा तोंड लपवून पळालेला, आणि हा बिचारा उन्हात भिजून चिंब. समोरची बाई आपलं प्यायचं पाणी आणून देतेय. म्हटलं, मी कुणाचं ऐकू? त्याचं पाणी संपत आलं होतं आणि वरची ओळ वाळत होती, म्हणून चेंबू घेतला."

दहा वर्षं त्या घरात माझ्या शेजारी बसून ही बाई जेवली, भांडली, माझी बाळंतपणं केली, आणि कधी एका शब्दानं बोलली नाही. मी खाली बसून त्यांच्या सुपातले तांदूळ निवडायला लागले, डोळ्यांना काही दिसत नव्हतं तरी.

सणाच्या सकाळी सगळ्या ओळीतली घरं पांढरीशुभ्र आणि मधे आमची भिंत धुरकटलेली. शेजारीण तोरण बांधता बांधता विचारायला आली, "सकवारबाई, तुमच्यात कोण गेलं?"

"सुनेचा बाप," आत्याबाई म्हणाल्या.

"अय्यो, त्यांना जाऊन दहा वर्षं झाली की!"

"तो एक. हा दुसरा," आत्याबाई म्हणाल्या, आणि मला कॉफी टाकायला सांगितली.